संकेतस्थळाची उलटतपासणी

'गगनबावडा' हे नाव लिहायला आठ खुणा लागतात: ग, ग, न, ब, काना, व, ड, काना. हेच नाव एखाद्या वेबपानाच्या पत्त्यात असेल आणि तो पत्ता उचलून व्हॉट्सॲपवर डकवला, तर पुष्कळदा नावाच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ उमटते. धीर धरून मोजली तर तिच्यात बरोबर ७२ चिन्हे भरतात.

हा बिघाड नव्हे, हिशेब आहे. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक खूण म्हणजे युनिकोडने तिला दिलेला एक क्रमांक. हा क्रमांक साठवायची आजची सर्वमान्य रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखाली अंथरायच्या कागदावर ती आखली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी खुणेला तीन लागतात. आठ खुणांचे झाले २४ बाइट. पत्त्यात मात्र मोजकी रोमन चिन्हेच चालतात, म्हणून प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षर-अंक अशा तीन चिन्हांत मांडला जातो. चोवीस त्रिक बहात्तर. रोमन लिपीत लिहिलेले गगनबावडा दहा चिन्हांत आटोपते. ही माळ वाचता येणाऱ्याला ती उलगडण्याआधीच एक गोष्ट कळते. देवनागरीची प्रत्येक खूण 'ई-शून्य' या बाइटने सुरू होते, आणि त्यापाठोपाठ 'ए-चार' किंवा 'ए-पाच' येते. म्हणजे आत काय लिहिले आहे हे समजण्याआधी ते कोणत्या लिपीत लिहिले आहे हे समजते.

अशा खुणांवरून पान जोखण्याची विद्या आता विद्यापीठांतून शिकवली जाते. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठात नील्स ब्रुगर यांनी संकेतस्थळांच्या इतिहासलेखनाची पद्धत बसवली. ॲमस्टरडॅम विद्यापीठात रिचर्ड रॉजर्स यांच्या पुढाकाराने २००७ पासून 'डिजिटल मेथड्स' नावाचा उपक्रम चालतो. ऑनलाइन संस्कृतीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एक संकेतस्थळ देतात आणि त्याची उलटतपासणी घ्यायला सांगतात: कोणी उभारले, कधी, कोणासाठी, पैसा कुठून येतो, काय काढून टाकले आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात मूल्यवर्धक विषयांच्या यादीत डिजिटल व तांत्रिक उपायांना जागा आहे. ही जागा टंकलेखन आणि तक्ते शिकवून भरता येते, तशी या तपासणीनेही भरता येते. दुसरा मार्ग अधिक कसाचा आहे असे माझे मत.

त्यासाठी नमुना म्हणून गगनबावडा घेण्यासारखा आहे. कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका लोकसंख्येने अगदी लहान, २०११च्या जनगणनेत ३६ हजारांच्या घरात. पण त्याच्याबद्दल लिहावे असे बरेच आहे. शिलाहारांशी नाव जोडलेला गगनगड आहे. त्या गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. कोकणात उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट आहेत. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तर त्याची गणना होतेच. साहजिकच इथे राहणाऱ्यांपेक्षा इथून जाणाऱ्यांची संख्या मोठी, आणि लिहिणारे बहुतेक त्या जाणाऱ्यांतले. एखाद्या गावाची वेबवरची प्रतिमा बाहेरच्यांच्या हातून कशी घडते, हे पाहायला याहून सोयीचे ठिकाण सहज सापडणार नाही.

शिवाय गगनबावड्याचे कागदपत्रांशी नाते जुने आहे. हे पंत अमात्यांचे ठिकाण, कोल्हापूर संस्थानातल्या बावडा जहागिरीचे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले रामचंद्रपंत अमात्य, ज्यांना राजाराम महाराजांनी 'हुकूमतपनाह' हा किताब दिला, त्यांच्या नावावर 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरचा ग्रंथ आहे. तो कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५च्या सुमारास सिद्ध झाला. दुर्ग, आरमार, वतनदार, टोपीकर व्यापारी यांविषयी त्यात जे आहे ते राज्यकर्त्याने काय पारखावे याबद्दलच आहे. अशा कागदांना पारखण्याची शिस्त महाराष्ट्रात पुढे वि. का. राजवाडे यांनी घातली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८चा, आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चे. मजकूर खरा की खोटा हे या शिस्तीत सर्वात शेवटी येते. आधी कागद, शाई, मोडीचे वळण, मायना, शक, शिक्का, आणि कागद कोणाच्या दप्तरातून निघाला ते. वेबवर आपण नेमके उलटे करतो. मजकुरापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

म्हणून आरंभ पत्त्यापासून. भारताचे 'डॉट इन' हे नाव १९८९ पासून अस्तित्वात असले, तरी जानेवारी २००५ मध्ये नोंदणी खुली झाल्यावरच ते सर्रास मिळू लागले. आज ते कोणालाही विकत घेता येते. 'डॉट जीओव्ही डॉट इन' मात्र सरकारी खात्यांनाच मिळते. पत्त्याच्या शेवटी आलेल्या या एका तुकड्यात जेवढी ओळख असते तेवढी पानाच्या डोक्यावरच्या सिंहमुद्रेत नसते, कारण मुद्रेचे चित्र कोणीही उतरवून लावू शकतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हा देवनागरी शेवट खुला झाला. तोसुद्धा पडद्यामागे देवनागरीत नसतो. जगभरची नावे शोधून देणारी यंत्रणा जुनी, रोमन अक्षरांवर चालणारी. म्हणून 'एक्स-एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे त्याचे रोमन सांकेतिक रूप वापरले जाते, आणि ब्राउझर ते आपल्यापुरते देवनागरीत दाखवतो. नाव कधी नोंदले गेले ही तारीख 'हू-इज' नोंदवहीत कोणालाही पाहता येते. नोंदणाऱ्याचे नाव पूर्वी दिसायचे. मे २०१८ मध्ये युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाल्यापासून ते बहुधा झाकलेले असते. तारीख मात्र उरते, आणि तीच कामाची. 'अनेक दशकांची परंपरा' सांगणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ गेल्या महिन्यातले निघाले तर तो गुन्हा होत नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला कारण मिळते.

नावाचा आणखी एक पेच या प्रदेशाचा स्वतःचा आहे. बावडा एक नाही. कोल्हापूर शहरात कसबा बावडा आहे, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात बावडा आहे, आणि घाटाच्या पायथ्याशी सिंधुदुर्गातल्या वैभववाडी तालुक्यात भुईबावडा. रोमन लिपीत तर एकट्या गगनबावड्याचीच अनेक रूपे होतात: कुठे व्ही, कुठे डब्ल्यू; कुठे मधला 'ए' आहे, कुठे गळला आहे; कुठे गगन आणि बावडा सुटे. एकाच रूपाने शोध घेणाऱ्याला एकच तुकडा दिसतो. पंत अमात्य बावडेकरांविषयी शोधताना कसबा बावड्याची पाने पुढे आली तर दोष यंत्राचा म्हणावा की नावाचा, हे ठरवणे अवघडच.

पत्त्याशेजारी असायचे ते कुलूप बऱ्याच जणांना शिक्कामोर्तब वाटे. कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असे ते सांगत नव्हते. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र सर्वांना फुकट खुले केले, तेव्हा लबाडांनाही ते मिळू लागले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने कुलपाचे चित्रच काढून टाकले. खरे मोर्तब पाहायचे तर सातबारा उघडावा. महाभूलेखावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, कचेरीत तो चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो आणि तो चालतो. तिथे सही म्हणजे अक्षरांचे वळण नव्हे, उताऱ्यातल्या प्रत्येक खुणेवरून काढलेले गणित असते. एक आकडा बदलला तरी ते जुळत नाही.

आता पानाच्या आत. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबली की पानाची मूळ संहिता समोर येते. यासाठी परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तरी आयुष्यभर वेब वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पाहिलेली असते. पहिल्या काही ओळींतच पान कोणत्या भाषेत आहे याची घोषणा असते. मराठीसाठी तिथे 'एमआर' ही दोन अक्षरे हवीत. मजकूर मराठी आणि घोषणा मात्र इंग्रजीची, असा प्रकार मराठी पानांवर वारंवार आढळतो, कारण तयार साचा परदेशी असतो आणि बनवणाऱ्याने ती ओळ बदललेली नसते. डोळस वाचकाला याने काही फरक पडत नाही. दृष्टिहीन वाचकाला पडतो. पान मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली ही घोषणा पाहून आवाज निवडते, आणि घोषणा चुकली की मराठी वाक्यावर इंग्रजी उच्चारांचे नियम चालवू लागते. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून लिखित मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ची, आणि सर्वांना वापरता येण्याची अट त्यांत ठळक आहे. विद्यार्थ्याने तालुक्याशी संबंधित दहा पाने उघडून फक्त ही एक ओळ तपासली तरी सांगण्यासारखे बरेच हाती लागेल.

मराठी लिपीचा वेबवरचा इतिहास तर पुराणवस्तूंच्या उत्खननासारखा थरांचा आहे. तळाच्या थरात देवनागरी नाहीच. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात परदेशातले मराठी विद्यार्थी आणि अभियंते यूझनेटच्या चर्चागटांवर रोमन लिपीत मराठी लिहीत. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'ने त्या रोमन लिखाणाला शिस्त दिली आणि त्यावरून छापण्याजोगी देवनागरी काढता येऊ लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर साधारण वर्षभराने, १९९६च्या गणेशचतुर्थीला, 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले.

त्यावरचा थर फॉन्टांचा. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले, आणि इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये जाहीरही झाले. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. पण बाजारात चालले ते निराळे. फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीने देवनागरी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका साठवला जाई. अनेक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो फॉन्ट आज बहुतेकांकडे नाही. त्यामुळे त्या काळातले जपलेले पान उघडले तर मोडीचे अक्षर न जाणणाऱ्यापुढे मोडी कागद यावा तशी गत होते. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: त्या पानांत गगनबावड्याच्या पावसाची बातमी असली, तरी 'गगनबावडा' हा शब्द देवनागरीत टाकून ती कधीच सापडणार नाही, कारण आत तो शब्द नाहीच. शोधयंत्राला एखादी गोष्ट सापडत नाही म्हणून ती लिहिलीच गेली नव्हती, असे मराठीच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

तिसरा थर युनिकोडचा. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती 'मंगल' या अक्षरवळणासह. ते मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेले. कित्येक वर्षे बहुतेक मराठी मजकूर लोकांनी त्यांच्याच अक्षरांत वाचला, त्यांचे नाव न जाणता. या थरातही कालनिर्णयाच्या खुणा आहेत, आणि त्यातली एक मला फार आवडते. 'ॲ' हे अक्षर सलग एक खूण म्हणून युनिकोडमध्ये आले ते एप्रिल २००८च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र जोडत, कधी मध्ये एक अदृश्य सांधा घालून. डोळ्याला तिन्ही रूपे जवळजवळ सारखी, यंत्राला निराळी. म्हणजे ज्या मजकुरात सलग 'ॲ' आहे तो २००८च्या आधी टंकलेला असूच शकत नाही, मग पानावर तारीख काहीही असो. उलट मात्र खरे नाही: जोडून लिहिण्याची सवय आजही टिकून आहे, त्यामुळे जुने रूप दिसले म्हणून पान जुने ठरत नाही. कागदाच्या जलचिन्हावरून शक ठरवणाऱ्या संशोधकाला हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही. अर्ध्या 'ऱ'चेही असेच. सह्याद्रीच्या दऱ्यांबद्दल लिहिताना हिंदीच्या कळफलकावर तो अर्धा ऱ सापडला नाही की रफार येतो आणि घाटमाथ्यावर 'दर्या' उसळतो.

पर्यटनाच्या पानांवर सर्वात जास्त उपयोगी पडते ती पाठचिकित्सा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ मध्ये पुरे झाले. वि. सु. सुकठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२५९ हस्तलिखिते पडताळली. या कामाचा एक कणा असा आहे की दोन प्रतींत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यावरून फारसे ठरत नाही; दोन्हीत *चूक* सारखी असली, तर त्या एकाच घराण्यातल्या. हीच कसोटी किल्ल्यांच्या पानांना लावावी. गगनगडाविषयीचे एक जरा लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. तेच वाक्य, त्याच विरामचिन्हांसह, समजा वीस ठिकाणी निघाले आणि वीसही ठिकाणी एकाच शब्दात काना चुकला असला, तर ते वीस साक्षीदार नव्हेत, एकच. मग त्यांतले सर्वात जुने कोणते हे शोधायचे, आणि त्याने ते कुठून घेतले हे. पुष्कळदा मूळ एखाद्या जुन्या गॅझेटिअरमध्ये असते, आणि तिथे 'असे सांगतात' एवढे मोघम असलेले वाक्य वाटेत कुठेतरी ठाम विधान झालेले असते. पावसाच्या आकड्याचेही तसेच. गगनबावड्याला वर्षाला अमुक इतके मिलिमीटर, असा सुटा आकडा दिसला की तो कोणत्या केंद्राचा, किती वर्षांच्या सरासरीचा, हे विचारावे. एखाद्या अतिवृष्टीच्या वर्षाची नोंद 'सरासरी' म्हणून फिरू लागायला एक निष्काळजी नक्कल पुरते.

पान पैसे कशावर कमावते हेही दडलेले नसते. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'ॲड्स डॉट टीएक्सटी' लिहिले की बहुतेक जाहिरातवाल्या संकेतस्थळांवर त्यांच्या जाहिरातींचे अधिकृत दलाल कोण याची यादी उघडते. ही रीत २०१७ मधली. तसेच 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' लिहिले की शोधयंत्रांच्या यांत्रिक फिरस्त्यांना कोणत्या दारातून आत येऊ नका असे सांगितले आहे ते दिसते. ही प्रथा १९९४ची, आणि पाळणे न पाळणे आजही येणाऱ्याच्या भलेपणावर.

मग काळ. अमेरिकेतली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये काढली. तिचे 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या जपलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. कोणत्याही पानाची जुनी रूपे तिथे तारीखवार पाहता येतात. रॉजर्स यांनी गूगलच्या मुखपृष्ठाच्या अशाच जपलेल्या प्रती ओळीने लावून त्यांचा छोटा चित्रपट केला. माणसांनी वर्गवारी करून बनवलेली सूची आधी पुढच्या पानावर होती, मग मागे ढकलली गेली, मग दिसेनाशी झाली, हे त्यात डोळ्यांसमोर घडते. ब्रुगर यांनी मात्र एक इशारा दिला आहे, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. जपलेले पान ही मूळ पानाची जशीच्या तशी प्रत नसते. मजकूर जूनमध्ये उचलला गेला असेल आणि त्यातले छायाचित्र ऑगस्टमध्ये. समोर जे जुळून येते ते पान कोणत्याही दिवशी कोणी पाहिलेले नसते. इतिहासाच्या कागदाला अशी व्याधी नाही.

गगनबावड्यापुरते सांगायचे तर काळ हा जिवाशी गाठ घालणारा मुद्दा आहे. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि वाहतूक भुईबावडा घाटाने वळवली होती. ज्या प्रवासवर्णनात करूळचा रस्ता 'उत्तम' म्हटला होता ते खोटे नव्हते, जुने होते. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तळाशी 'शेवटचे अद्ययावत' अशी तारीख असते. खासगी पानांवर ती बहुधा नसते. काही तर रोजची तारीख आपोआप छापतात, ते त्याहून वाईट. विकिपीडियाचे मात्र वेगळे आहे. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा 'इतिहास' उघडता येतो. कोणते वाक्य कधी आले, कधी गेले, कशावरून वाद झाला, सर्व तिथे उघड पडलेले. एखाद्या गावाबद्दलचे ज्ञान कसे साचत गेले हे दाखवणारी इतकी सविस्तर नोंद छापील कोशांना कधी ठेवता आली नाही.

या सगळ्या तपासण्या पानाजवळ बसून करायच्या. पण या क्षेत्रातला सर्वात गाजलेला प्रयोग सांगतो की हुशार वाचक पानाजवळ बसतच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संगणकापुढे बसवले: दहा पीएचडी झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस, आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पाने दाखवली होती. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरी सामाजिक धोरणावरच्या मतभेदातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. नावे जवळजवळ सारखी, दोन्ही पाने नीटनेटकी, दोन्हींवर संदर्भ. विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने छोट्या गटाचे पान अधिक विश्वासार्ह ठरवले. इतिहासकारांतलेही बरेच जण अडखळले. तपासनीसांपैकी एकही चुकला नाही.

फरक बुद्धीचा नव्हता. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत लक्ष देऊन वाचत गेले: मांडणी कशी, भाषा कशी, बोधचिन्ह कसे. म्हणजे लबाडाने ज्या गोष्टी सजवलेल्या असतात त्याच त्यांनी पाहिल्या. तपासनीसांनी काही क्षणांत ते पान सोडले, बाजूला नव्या चौकटी उघडल्या आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिले. मग ते परत आले. वाइनबर्ग यांनी याला आडवे वाचन असे नाव दिले. आयुष्य कागद वाचण्यात घालवलेल्या इतिहासकारांचे असे का व्हावे? मला वाटते, दप्तरातला कागद दप्तरात आला तोच कोणाच्या तरी हातून निवडून आलेला असतो. तो कोठून आला हे आधीच माहीत असते. वेबवरचे पान कुठूनही न येता थेट समोर उभे राहते. दप्तर तिथे वाचकालाच तयार करावे लागते. गगनगडाच्या पानासाठी आडवे वाचन म्हणजे पुरातत्त्व खात्याची यादी, गॅझेटिअर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, वृत्तपत्रांचे जुने अंक, आणि जमले तर गडावर राहणारा माणूस.

तो शेवटचा साक्षीदार अभ्यासक्रमांतून सहसा गळतो. कोल्हापूर जिल्ह्यातच त्याचे महत्त्व दाखवणारे एक प्रकरण झाले आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूहाच्या भागीदारीत, संगणककेंद्रे उभारली. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. शेतीपासून शिक्षणापर्यंत सर्व काही गावात मिळेल अशी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक तिथे गेले, तेव्हा त्यांना दिसले की केंद्रांचा मुख्य वापर उसाच्या नोंदी आणि वजनांपुरता उरला आहे. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधे मोबाइल दिले, तीच माहिती एसएमएसने येऊ लागली, आणि कमी खर्चात भागले. नुसत्या संकेतस्थळाचे विश्लेषण करणाऱ्याला हे कधीच कळले नसते. त्यासाठी केंद्रात बसून कोण येतो, काय विचारतो, कागदाच्या चिठोऱ्यावर काय लिहून नेतो, हे पाहावे लागले.

पाने टिकत नाहीत, ही या विषयाची मोठी अडचण. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत नाहीशी झालेली आढळली. कोल्हापुरात छापलेल्या पुस्तकाच्या प्रती १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना धाडाव्या लागतात. त्या कायद्यात छापील ग्रंथ आणि वृत्तपत्रे येतात, संकेतस्थळे येत नाहीत. डेन्मार्कने २००५ मध्ये आणि ब्रिटनने २०१३ मध्ये आपापल्या देशातली पाने राष्ट्रीय ग्रंथालयात जपण्याची कायदेशीर सोय केली. मराठी पाने जपली जातात ती एका परदेशी संस्थेचा यांत्रिक फिरस्ता तिकडे फिरकला तर, किंवा कोणी मुद्दाम जपायला सांगितली तर.

हे मुद्दाम सांगणे विद्यार्थ्यांना सहज जमते. वेबॅक मशीनवर पान जपण्याची चौकट आहे. तिच्यात पत्ता टाकला की थोड्या वेळात प्रत तयार होते आणि तिला कायमचा नवा पत्ता मिळतो. ग्रामपंचायतीची सूचना, घाटबंदीचा आदेश, गगनगडाच्या वाटेविषयीची एखादी जुनी नोंद, असे वर्गाने वाटून घेतले तर एका सत्रात तालुक्याचे छोटे दप्तर उभे राहू शकते. त्या नव्या पत्त्यात १४ अंक असतात: वर्षाचे चार, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद यांचे दोन-दोन. हे घड्याळ ग्रिनिचचे आहे. गगनबावड्यात सकाळी अकरा वाजता जपलेल्या पानावर पहाटेचे साडेपाच पडतात, तेव्हा वहीत नोंद करताना साडेपाच तास मिळवून घ्यावेत.